मागचा सूर

आपल्याला गाण्यातलं कळतं, असा माझा फार वर्षांपासूनचा गैरसमज आहे. तो माझा एकट्याचा असता तर बिघडलं नसतं. पण आमच्या घरच्यांनीही तो आपलासा करून टाकला आहे. लग्नात सनईवाला ठरवायचा असो, कुणाला पेटी विकत घ्यायची असो, की शेजारच्या मुलीचं गाणं 'जरा ऐकायचं' असो, माणसं माझ्याकडे येतात. मग मी डोळे मिटतो, मान किंचित कलती करतो आणि निकाल देतो. डोळे मिटून दिलेल्या निकालाला एक वजन असतं. उघड्या डोळ्यांनी तेच सांगितलं तर लोक वाद घालतात.

त्यामुळे महिन्याभरापूर्वी माझा पुतण्या काखेत संगणक घेऊन आला आणि म्हणाला, "काका, सात सुरावटी निवडल्यात. यांतली चांगली कुठली, तेवढं सांगा," तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. मी चहा सांगितला, खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर ओढली आणि डोळे मिटले.

प्रकरण असं होतं. आमची आई गेली त्याला आता दोन पावसाळे उलटले. ती जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात हा पोरगा कोकणातल्या घरी चार दिवस राहून आला होता. बरोबर कॅमेरा होता. लघुपट वगैरे काढायचा बेत नव्हता. दिसेल ते टिपत होता. आजी तुळशीला पाणी घालते आहे, आजी अंगणात आमसुलं वाळत टाकते आहे, आजी मागच्या पडवीत विळीवर बसून नारळ खवते आहे. आता त्या सगळ्यातून त्यानं बारा मिनिटांचा एक लघुपट जुळवला होता. यंदा भाऊबीजेला सगळं गणगोत आमच्याकडे जमायचं आहे, तेव्हा तो दाखवायचा. चित्रं जोडून झाली होती. राहिलं होतं ते संगीत.

"चित्रांच्या मागे काहीतरी वाजायला हवं ना!" तो म्हणाला.

"हवंच," मी म्हणालो. का हवं, हा प्रश्न त्यालाही पडला नाही आणि मलाही.

हल्ली अशा सुरावटींची दुकानं संगणकावर असतात. पैसे भरावेत, सुरावट उतरवून घ्यावी आणि हव्या त्या चित्राखाली घालावी. किराणा दुकानातल्या डब्यांना असाव्यात तशा त्या सुरावटींना चिठ्ठ्या लावलेल्या असतात. 'पहाट, ग्रामीण.' 'गूढ, पण सौम्य.' 'प्रेरणादायी, कंपनीच्या माहितीपटासाठी.' एकीवर लिहिलं होतं, 'उदास, तरीही आशादायी.' मला हसू आलं. आपल्या नाट्यशास्त्रानं आठ रस मोजले, नंतरच्यांनी शांत हा नववा मानला. या दुकानदारानं ते सगळे कुटून त्यांची मिसळ केली होती.

पण ही युक्ती आजची नव्हे. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी बसून कुणीतरी वाजवत असे. आपल्याकडे पेटी-तबला, तिकडे पियानो किंवा ऑर्गन. रोज नवा खेळ, नवे प्रसंग. वादकानं ऐन वेळी वाजवायचं तरी काय? ही अडचण ओळखून अर्नो रॅपे नावाच्या एका वाद्यवृंद-संचालकानं १९२४ साली एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात बावन्न भाव आणि प्रसंग यांच्यासाठी तयार संगीत होतं आणि प्रत्येक पानाच्या कडेला त्या सगळ्यांची सूची छापलेली होती. पडद्यावर वादळ आलं की वादळाचं पान, आगगाडी आली की आगगाडीचं, प्रेतयात्रा निघाली की तिचं. म्हणजे माणसाच्या सुखदुःखाला चिठ्ठ्या लावण्याचा धंदा शंभर वर्षांचा जुना आहे. फक्त पान उलटण्याचे कष्ट तेवढे वाचले आहेत.

सातही सुरावटी मी मन लावून ऐकल्या. पहिलीत बासरी होती. ती ऐकताच हिरवी शेतं आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली पाहिजे, असा तिचा हुकूमच होता. दुसरीत संतूर होतं, म्हणजे डोंगर आले. पाचवीत व्हायोलिनांचा एवढा मोठा जमाव होता की आमच्या आईच्या त्या लहानशा पडवीत तो मावणंच शक्य नव्हतं. पण तिसरी सुरू झाली आणि मी हात वर केला. खाली खर्जाचा एक संथ, न थांबणारा सूर. त्याच्यावर एकटी सारंगी. वाजवणारा कसबी होता. कोमल गंधारावरून तो असा काही खाली येई की पोटात कालवावं. मी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"हीच!" मी निकाल दिला. पुतण्यानंही मान डोलावली. त्याचीही मनातून तीच होती.

दोन दिवसांनी त्यानं सारंगी घातलेला लघुपट आणला. आम्ही घरचीच चार-पाच माणसं होतो. दिवा मालवला. आई पडद्यावर आली, सारंगी सुरू झाली आणि बारा मिनिटं कुणी बोललं नाही. संपल्यावर दिवा लावला तर सगळ्यांचेच डोळे पुसणं चाललेलं. मी पुतण्याकडे पाहिलं. परीक्षकाला आपल्या परीक्षेचा जो अभिमान वाटतो तो मला तेव्हा वाटत होता.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. वहिनींना गाण्यातलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. पण चाळीस वर्षं त्या आईजवळ राहिल्या. आम्ही मुलं नोकऱ्यांच्या पाठीमागे गाव सोडून गेलो. आईचं रोजचं उठणं-बसणं त्यांनी पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "रडूही आलं. पण भावजी, खरं सांगू? ते आईंच्या आठवणीनं नाही आलं. ते वाजतंच तसं. तिथं कुणाचीही आई चालली असती."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी आणि पुतण्या बसून राहिलो.

'कुणाचीही आई चालली असती.' त्या रात्री मला झोप लागली नाही. सारंगी वाईट होती का? नाही, ती अजूनही चांगलीच होती. मग चुकलं कुठं? चुकलं होतं ते माझ्या ऐकण्यात. मी ती मैफलीत बसल्यासारखी ऐकली होती. डोळे मिटून! ज्या संगीताचा जन्मच चित्राच्या सोबतीसाठी, त्याची पारख मी चित्राकडे पाठ फिरवून केली होती. जेवणातलं लोणचं नुसतंच बोटानं चाटून पाहावं आणि म्हणावं, वा, आता पानभर हेच वाढा, तसला हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला बोलावलं आणि आम्ही एक खेळ करून पाहिला. एका दृश्यात आई दारात उभी राहून नुसती बाहेर पाहते. वीस-पंचवीस सेकंदांचं दृश्य. त्याखाली आम्ही एकामागून एक तीन सुरावटी घातल्या. सारंगी लावली, तर ती परगावच्या मुलाची वाट पाहणारी दुःखी माता झाली. 'गूढ, पण सौम्य' लावली, तर अंगणातून आता कुणी पिशाच्च येणार आणि हिला ते ठाऊक आहे, असं वाटू लागलं. बासरी लावली, तर ती एखाद्या मसाल्याच्या जाहिरातीतली आजी झाली. आता वळून ती आपल्याला हळदीचं पाकीट दाखवणार! चेहरा तोच, पापणीसुद्धा तीच लवत होती. प्रत्यक्षात ती काय पाहत होती, ते पुतण्याला पक्कं आठवत होतं. गडी नारळ पाडायला आला होता आणि तो किती नारळ बाजूला काढून ठेवतो, यावर आईचं लक्ष होतं.

तेव्हा मला कळलं की मागचं संगीत हा पढवलेला साक्षीदार असतो. चित्र गप्प उभं असतं आणि हा मागून त्याच्या वतीनं साक्ष देतो. म्हणून त्याची पहिली परीक्षा ही, की तो सांगतो ते खरं आहे का? ते गोड आहे का, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा.

दुसरी परीक्षा आपल्याकडच्या साथीदारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गवई गात असताना सारंगिया त्याच्या मागोमाग जातो. गवई श्वास घेतो तेवढ्या फटीत तो बोलतो आणि गवई पुन्हा सुरू झाला की मागे सरतो. ज्या साथीदाराची वाहवा गवयापेक्षा जास्त होते, त्याला दुसऱ्या खेपेला बोलावणं येत नाही. यात कलेइतकंच शास्त्रही आहे. माणसाचं बोलणं समजायला लागणारे स्वर बहुतांशी सेकंदाला तीनशे ते साडेतीन हजार कंपनांच्या टप्प्यात येतात. जुना टेलिफोन साधारण तेवढाच पट्टा वाहून नेई आणि तेवढ्यात काम भागे. सारंगी, व्हायोलिन, बासरी यांचा मुक्काम नेमका त्याच आळीत. सारंगी माणसाच्या गळ्याच्या सगळ्यांत जवळची, असं आपण कौतुकानं म्हणतो. पण बोलत्या माणसाच्या मागे ती वाजू लागली की त्याच कौतुकाची अडचण होते. एका दारातून दोघं एकदम शिरू पाहतात आणि बोलणारा बिचारा बाहेर राहतो.

तिसरी परीक्षा लक्ष देण्याची. एरिक सती या फ्रेंच संगीतकारानं १९१७ च्या सुमारास एक मजेदार कल्पना काढली: खुर्ची-टेबलासारखं, घरातल्या सामानासारखं संगीत. ते असावं, पण त्याच्याकडे कुणी पाहू नये. १९२० साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्यानं ते वाजवून घेतलं आणि लोकांना विनवलं की बोला, हिंडा, इकडे लक्ष देऊ नका. पण लोक कसले ऐकतात! संगीत सुरू होताच ते बापडे गप्प होऊन ऐकायला बसले. पुढे १९७८ साली ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानं विमानतळांसाठी म्हणून एक तबकडी काढली. त्याचं म्हणणं असं, की अशा संगीताकडे दुर्लक्ष करता आलं पाहिजे, आणि कुणी लक्ष दिलंच तर ते वाया जाता कामा नये. उत्तम सुनेविषयी जुन्या सासवा असंच काहीसं म्हणत असत. पण ते वहिनींसमोर बोलण्याची माझी छाती नाही.

एवढ्या परीक्षा हाताशी आल्यावर मला वाटलं, आता नियम सापडला: मागचं संगीत दबकं असावं, जमल्यास नसावंच. आपल्या 'प्रभात'नं १९३७ साली 'कुंकू' काढला. मराठी बोलपट बोलू लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि हाती आलेला आवाज कुठं कुठं वापरू असं सगळ्यांना झालं होतं. अशा दिवसांत शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत बाजूला ठेवलं आणि घरातल्या-दारातल्या खऱ्या आवाजांवर काम भागवलं. संगीत केशवराव भोळ्यांचं. म्हणजे वाजवता येत नव्हतं म्हणून गप्प बसले, अशातला प्रकार नव्हे. जरठ नवऱ्याच्या घरात अडकलेली ती नीरा आणि ते भिंतीवरचं घड्याळ ज्यानं पाहिलं, त्याला तिथं व्हायोलिन असायला हवं होतं असं कधी वाटणार नाही.

पण नियम करावा आणि तो मोडणारा माणूस समोर उभा राहावा, असं नेहमीच होतं. १९५५ सालच्या 'पथेर पांचाली'त हरिहर फार दिवसांनी घरी येतो. आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोपुढे ठेवतो. त्यात मुलीसाठी आणलेली साडी निघते. मुलगी गेल्याचं त्याला ठाऊक नाही. साडी हातात घेतलेली सर्वजया कोसळते, तिचं तोंड उघडतं आणि तिच्या हंबरड्याच्या जागी आपल्याला ऐकू येते ती तारशहनाई. गजानं वाजवायचं, कर्णा लावलेलं ते वाद्य. वाजवणारे दक्षिणामोहन टागोर, संगीत रविशंकरांचं. सत्यजित राय यांनी तिथं आईचा आवाजच काढून टाकला आहे. आणि ते बरोबर आहे. खरा आक्रोश ऐकून आपण कदाचित मान वळवली असती. तो सूर मान वळवू देत नाही. हिचकॉकची गोष्टही तशीच. १९६० च्या 'सायको'तल्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं त्याचं मत होतं. बर्नार्ड हरमननं तरीही नुसत्या तंतुवाद्यांचे ते किंचाळणारे सूर रचले आणि ते ऐकल्यावर दिग्दर्शकानं आपला हट्ट सोडला.

तेव्हा वाजवावं की वाजवू नये, याला नियम नाही. प्रत्येक दृश्याला नव्यानं विचारावं लागतं: बाई गं, तुझ्याजवळ काय आहे आणि काय कमी आहे?

मी पुतण्याला विचारलं, "या दृश्यांचा मूळ आवाज कुठं आहे?"

"तो काढून टाकला, काका. नुसता गोंगाट होता. वारा, कावळे, शेजारच्या वाडीतला पंप. ऐकवत नव्हतं."

"एकदा लाव तर खरा."

त्यानं पडवीतलं दृश्य लावलं. सारंगी गेली. पंप सुरू झाला, कावळा ओरडला, आणि त्या सगळ्यातून खवणीचा आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. मग थांबला. आई दम घेत होती. तो दम ऐकू येत होता. शेवटच्या वर्षात तिला लागायचा तसा, थोडा अडकत सुटणारा. पुन्हा खर्र, खर्र. सारंगीच्या वेळी ती थांबलेली कुणाला कळलंच नव्हतं, कारण सारंगी थांबत नव्हती. आणि मग मान वर न करता आई म्हणाली, "उन्हात नको रे उभा राहू. सावलीत ये."

पुतण्यानं चित्र थांबवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती असं म्हणाली होती, हे मला आठवतच नव्हतं."

आमच्या घरी आईचे फोटो पेटीभर आहेत. लग्नातले, मुंजीतले, काशीयात्रेतले. आवाज कुणी जपला नाही. तो असणारच, असं सगळ्यांनी धरलेलं. तो एवढ्या एका वाक्यात शिल्लक होता आणि आम्ही दोघा जाणत्यांनी, एक कॅमेऱ्यातला जाणता आणि एक गाण्यातला, मिळून त्याच्यावर सारंगी ओतली होती. आणि वर डोळे पुसले होते!

वहिनींना बोलावून ते दृश्य दाखवलं. त्या रडल्या नाहीत. त्या हसल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "दम लागला तरी विळी सोडायच्या नाहीत." मग पदराला हात पुसत पुसत त्यांनी ते आणखी दोनदा लावायला लावलं.

सातही सुरावटी आम्ही बाजूला ठेवल्या. तरीही लघुपटात एक जागा अशी राहिली की जिथं काही नसणं जमेना. आई गेल्यावर पुतण्या पुन्हा गावी गेला होता आणि त्यानं रिकामी पडवी टिपली होती. विळी भिंतीला लावून ठेवलेली, बाजूला तिचा पाट. तिथं नुसती शांतता ठेवली, तर घर विकायला काढलं आहे आणि हे गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र आहे, असं वाटे. इथं काहीतरी हवं होतं. दुःख सांगणारं नको. आधीच्या दृश्याचा हात या दृश्याच्या हातात देईल, एवढंच.

शेजारच्या त्या मुलीला बोलावलं, जिचं गाणं मी मागे डोळे मिटून ऐकलं होतं आणि 'मेहनत हवी' असं मोघम सांगितलं होतं. ती तानपुरा घेऊन आली. अर्धा तास तिनं नुसता जुळवला. मणी सरकव, जवारीतला दोरा हलव, पुन्हा छेड. मग पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज, एवढंच वीस सेकंद वाजवलं. कुणी गात नाही, नुसता तानपुरा. कुणीतरी आता गाणार आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं आणि कुणी गात नाही. रिकाम्या पडवीला याहून वेगळं काही नको होतं.

लघुपट आता तयार आहे. शेवटच्या पाटीवर पुतण्यानं 'संगीत-सल्लागार' म्हणून माझं नाव घातलं आहे. मी पुष्कळ सांगून पाहिलं की अरे, सात सुरावटी ऐकून सातही परत पाठवल्या आणि वीस सेकंदांचा तानपुरा ठेवला, याला सल्ला म्हणत नाहीत. आणि म्हणायचाच असेल तर तो तुझ्या आईचा आहे. पण तो ऐकत नाही. घरातला गैरसमज असा सहजासहजी जात नाही.

भाऊबीजेला फराळ झाल्यावर दिवे मालवून आम्ही सगळे बसणार आहोत. या खेपेला मी डोळे उघडे ठेवणार आहे.